सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्वरचे अंतर्गत भाग बदलताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कोल्ट पद्धतीच्या सिंगल-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा हाताने चढवावा लागणाऱ्या, रिव्हॉल्वरचा घोडा अंगठ्याने सावकाश मागे ओढला, की चार खटके एकामागून एक ऐकू येतात. पहिला खटका सुरक्षा-खाचेचा, दुसरा हाफ-कॉकचा, म्हणजे घोडा अर्धा चढल्याचा, तिसरा बोल्ट सिलिंडरवर येऊन बसल्याचा आणि चौथा घोडा पूर्ण चढल्याचा. यंत्रणेतील एखादा भाग झिजला किंवा मोडला, तर त्याची पहिली वर्दी बहुतेक वेळा याच खटक्यांतून मिळते: एखादा खटका उशिरा येतो, मंद येतो किंवा येतच नाही. या लेखात जे सांगायचे आहे त्याचा गाभाही इथेच आहे. या रिव्हॉल्वरमध्ये भाग बदलणे म्हणजे जुना काढून नवा घालणे एवढेच काम नाही. नव्या भागाला बाकीच्या भागांच्या ठेक्यात बसवणे हे खरे काम आहे, आणि चारही खटके आपापल्या जागी आले की नाहीत हे सहाही चेंबरवर, म्हणजे सिलिंडरमधील काडतुसांच्या घरांवर, तपासल्याखेरीज ते पुरे होत नाही.

आधी शब्दांविषयी थोडे, कारण मराठीत इथे नेहमी घोटाळा होतो. बोलताना आपण ‘घोडा दाबला’ असे म्हणतो तेव्हा बहुधा बोटाने ओढायचा भाग मनात असतो. या लेखात मात्र घोडा म्हणजे मागे असलेला, अंगठ्याने चढवायचा आणि काडतुसावर आघात करणारा भाग, तर बोटाने ओढायचा तो चाप. बोल्ट म्हणजे नट-बोल्टमधला बोल्ट नव्हे. सिलिंडरच्या खालच्या बाजूने वर येऊन त्याच्या खाचेत बसणारा आणि सिलिंडर जागच्या जागी अडवून धरणारा तो लहान अडसर. हँड म्हणजे घोड्याला जोडलेली आणि सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलून त्याला फिरवणारी पट्टी. गेट म्हणजे काडतुसे भरण्यासाठी उघडायची झडप आणि बेस पिन म्हणजे सिलिंडर जिच्यावर फिरतो ती पिन. स्प्रिंग, स्क्रू, गेट, बेस पिन हे शब्द या कामातील माणसे वापरतात तसेच ठेवले आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री असावी. पहिली कायद्याची: शस्त्र बाळगण्याचा परवाना असणे आणि ते उघडून त्यात दुरुस्ती करण्याची मुभा असणे या दोन गोष्टी सगळीकडे एक नसतात, म्हणून आपल्या ठिकाणचा नियम आधी नीट पाहावा आणि जिथे हे काम परवानाधारक कारागिरानेच करायचे असते तिथे ते त्याच्याकडेच द्यावे. त्या परिस्थितीतही कारागीर नेमके काय करतो हे समजण्यासाठी पुढील माहिती उपयोगी पडेल. दुसरी गोष्ट काडतुसांची. ज्या खोलीत काम करायचे त्या खोलीत एकही जिवंत काडतूस असता कामा नये, खोक्यातसुद्धा नाही. चाचणीसाठी लागणारी नकली काडतुसे, ज्यांना स्नॅप कॅप म्हणतात, ती वेगळ्या रंगाची असावीत आणि वापरण्यापूर्वी प्रत्येक नग हातात घेऊन पाहावा.

आपल्यासमोर कोणत्या जातीची यंत्रणा आहे हे ओळखणे ही पुढची पायरी. कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी हे रिव्हॉल्वर 1873 साली आले. त्याच्या रचनेत विल्यम मेसन यांचा मोठा वाटा होता. सॅम्युअल कोल्ट त्यापूर्वीच, 1862 साली वारले होते. या रिव्हॉल्वरमध्ये घोड्याची, चापाची व बोल्टची आणि हँडची अशा सगळ्या स्प्रिंगा चपट्या पट्टीच्या आहेत, आणि चौकटीच्या बाजूला तीन स्क्रू दिसतात: पुढचा बोल्टचा, मधला चापाचा, मागचा घोड्याचा. इटलीत तयार होणाऱ्या अनेक प्रतिकृती याच रचनेवर चालतात. दुसरी मोठी शाखा रुगरची. या कंपनीने 1953 साली सिंगल-सिक्स हे मॉडेल आणले तेव्हा चपट्या स्प्रिंगांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा वापरल्या, कारण चपटी स्प्रिंग वारंवार वाकून शेवटी मोडते हा जुन्या रचनेचा सर्वांत परिचित दोष होता. पुढे 1973 साली रुगरने ‘न्यू मॉडेल’ आणले. त्यात ट्रान्सफर बार (चाप ओढल्यावरच वर येऊन घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोहोचवणारी पट्टी) आला, हाफ-कॉक गेले आणि चौकटीतल्या तीन स्क्रूंच्या जागी दोन पिना आल्या. त्यामुळे जुन्या रुगरला आजही ‘थ्री-स्क्रू’ म्हणून ओळखतात.

हा फरक सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. नवा भाग मागवताना ‘सिंगल-ॲक्शनसाठी’ एवढे लिहिलेले पुरत नाही. कोल्टच्याच वेगवेगळ्या काळातील बनावटींत, म्हणजे 1940 पर्यंतच्या पहिल्या पिढीत, 1956 पासूनच्या दुसऱ्या पिढीत आणि 1976 पासूनच्या तिसऱ्या पिढीत, सगळे भाग एकमेकांना चालत नाहीत. सिलिंडरचे दाते आणि हँड यांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी लागते. प्रतिकृतींच्या स्क्रूंचे आटे मूळ कोल्टच्या आट्यांशी जुळतील असे धरून चालू नये. दिसायला तोच वाटणारा स्क्रू दोन फेऱ्यांनंतर घट्ट होऊ लागला, तर तो तिथेच थांबवून उलटा काढावा. जोर लावला तर चौकटीतले आटे जातात, आणि चौकट हा बदलता येणारा भाग नव्हे.

पुढील वर्णन मुख्यतः कोल्ट पद्धतीच्या यंत्रणेचे आहे; रुगरच्या न्यू मॉडेलमध्ये काय वेगळे ते ओघात येईल.

यंत्रणा कशी चालते ते आधी समजून घ्यावे. हा भाग वगळून थेट स्क्रू उघडायला घेणारे अनेक जण असतात, पण नंतर काय बिघडले हे त्यांना कळत नाही. घोडा मागे येऊ लागला की त्याच्या बाजूला असलेला छोटा उंचवटा, म्हणजे कॅम, बोल्टचा मागचा पाय वर उचलतो. बोल्ट तराजूच्या दांडीसारखा मध्यावर टेकलेला असल्याने मागचा पाय वर गेला की पुढचे डोके खाली जाते आणि सिलिंडर मोकळा होतो. त्याच वेळी घोड्याला डाव्या बाजूने जोडलेला हँड वर सरकतो व सिलिंडरच्या दात्याला ढकलतो, त्यामुळे मागून पाहताना सिलिंडर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागतो. घोडा आणखी मागे आला की बोल्टचा पाय कॅमवरून निसटतो आणि त्याचे डोके स्प्रिंगच्या जोराने वर उसळून सिलिंडरवर टेकते; हाच तिसरा खटका. त्या जागी सिलिंडरवर खाचेकडे उतरत जाणारी एक छोटी वाट कोरलेली असते. बोल्ट त्या वाटेवर पडावा, घरंगळत खाचेत शिरावा आणि नेमके त्याच क्षणी चापाचे टोक घोड्याच्या शेवटच्या खाचेत बसावे, अशी ही जुळणी आहे. चाप ओढला की घोडा पुढे पडतो, आणि पडताना कॅमची उतरती कड बोल्टच्या पायाला किंचित बाजूला वाकवून त्याच्या खाली परत जाते. बोल्टचा पाय दर वेळी असा वाकतो, म्हणूनच तो काही काळाने मोडतो. त्याचा दोष पोलादात शोधण्याचे कारण नाही. रचनाच तशी आहे.

या वर्णनावरून रोगाचे निदान बरेचसे घरबसल्या होते. घोडा पूर्ण चढला, तरी सिलिंडर अजून थोडा मागे राहिला आणि हाताने किंचित पुढे सारल्यावरच बोल्ट खाचेत बसला, तर हँड झिजून आखूड झालेला असण्याची शक्यता सर्वाधिक. सिलिंडर अजिबात अडत नसेल आणि गोल गोल फिरत राहत असेल, तर बोल्टची स्प्रिंग मोडली आहे किंवा बोल्टच तुटला आहे. चाप पुढे परत येत नसेल, लुळा पडला असेल, तर त्याच स्प्रिंगचे दुसरे बोट मोडले आहे. कारण कोल्टमध्ये चाप आणि बोल्ट यांना दाबणारी स्प्रिंग एकच, दोन बोटांची असते. नळी खाली केल्यावर सिलिंडर फिरतो पण नळी वर केल्यावर फिरत नाही, असे दिसले तर हँडची स्प्रिंग गेली आहे. हँड केवळ स्वतःच्या वजनाने दात्यावर टेकतो आहे. घोडा पडतो पण काडतूस पेटत नाही, तर मेनस्प्रिंग, म्हणजे घोड्याला पुढे ढकलणारी मुख्य स्प्रिंग, थकली आहे, तिचा स्क्रू ढिला झाला आहे किंवा घोड्यावरचे टोक झिजले आहे. यांतला स्क्रू सर्वांत आधी पाहावा.

अवजारांच्या बाबतीत एकच आग्रह धरतो, आणि तो स्क्रू-ड्रायव्हरचा आहे. घरातला साधा स्क्रू-ड्रायव्हर टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे तो स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या कडांना धरतो आणि जोर लावताच उसळून त्या कडा चेपतो. बंदुकीच्या कामासाठी दोन्ही बाजू समांतर घासलेले बिट मिळतात. त्यातले ज्याची रुंदी आणि जाडी दोन्ही खाचेत तंतोतंत बसते तेच वापरावे. याशिवाय डोळ्यांसाठी चष्मा, पितळी किंवा नायलॉनची छोटी हातोडी, सरळ टोकाचे पंच, बारीक दाण्याचा सपाट तेलदगड, व्हर्निअर कॅलिपर, खुणा उमटवण्यासाठी गडद मार्कर आणि खाली पसरायला फिकट रंगाचे जाड कापड पुरेसे आहे. फिरत्या यंत्राने घासण्याचे अवजार या टेबलावर आणूच नये. हाताने दगडावर दहा वेळा घासून जेवढे पोलाद जाते तेवढे यंत्र डोळ्याची पापणी लवते न लवते तोच काढून टाकते.

उघडणे

घोडा हाफ-कॉकवर आणावा, गेट उघडावे आणि सिलिंडर एक-एक घर फिरवत सहाही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी पाहावे, मग बोटाने चाचपावे. एकदा मोजून झाले तरी पुन्हा एक फेरी करावी. त्यानंतर बेस पिन काढायची. जुन्या बनावटीत ती चौकटीच्या पुढून आलेल्या स्क्रूने धरलेली असते, तर नंतरच्या बनावटीत आडव्या, स्प्रिंगच्या खटक्याने. पिन पुढे ओढून घेतली की सिलिंडर उजव्या बाजूने अलगद हातात येतो. आता घोडा अंगठ्याने धरून हळूच खाली सोडावा. सिलिंडर जागेवर असताना मात्र घोडा हाफ-कॉकवरून सरळ खाली कधीही सोडू नये. तो आधी पूर्ण चढवून मगच खाली आणावा, नाहीतर बोल्ट दोन खाचांच्या मध्ये सिलिंडरवर पडतो आणि पुढच्या वेळी त्याच्याभोवती ओरखडा ओढतो. जुन्या रिव्हॉल्वरच्या सिलिंडरवर दिसणारे गोल कडे पुष्कळदा याच सवयीने पडलेले असते.

मुठीचे लाकूड दोन तुकड्यांचे असेल तर त्याचा स्क्रू आधी काढावा. एका तुकड्याचे असेल तर ते बॅकस्ट्रॅपबरोबरच, म्हणजे मुठीच्या मागच्या धातूच्या पट्टीबरोबरच, सुटते. बॅकस्ट्रॅपला तीन स्क्रू असतात: दोन घोड्याच्या दोन्ही बाजूंना वर आणि एक मुठीच्या तळाला. ते निघाले की बॅकस्ट्रॅप मागे सरकवून काढावी. आत मेनस्प्रिंगची लांब, वक्र पट्टी दिसेल. तिचे खालचे टोक ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कड्याच्या) मुठीकडील भागाला एका स्क्रूने बांधलेले असते आणि वरचे टोक घोड्यावरच्या छोट्या रुळावर टेकलेले असते. घोडा खाली असतानाच हा स्क्रू दोन-तीन फेरे ढिला करावा, मग स्प्रिंगचे वरचे टोक बाजूला सारून रुळावरून उतरवावे आणि शेवटी स्क्रू पूर्ण काढावा. या वेळी चेहरा स्प्रिंगच्या रेषेत नसावा.

रुगरच्या न्यू मॉडेलमध्ये मेनस्प्रिंग एका सळईवर गुंडाळलेली असते आणि त्या सळईला एक बारीक छिद्र असते. घोडा चढवून त्या छिद्रात पातळ खिळा किंवा तारेचा तुकडा घालावा व घोडा धरून हळू खाली सोडावा. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेतच अडकून राहते आणि सळईसह सुरक्षित बाहेर येते. जोडणी करताना हाच क्रम उलटा. तिथे गेट उघडले की सिलिंडर मोकळा फिरतो, हाफ-कॉकची गरज नसते.

पुन्हा कोल्टकडे येऊ. ट्रिगर गार्ड एका पुढच्या आणि दोन मागच्या स्क्रूंनी धरलेले असते. हे सगळे स्क्रू सारख्या लांबीचे असतील असे समजू नये. जाड पुठ्ठ्यावर रिव्हॉल्वरचे साधे रेखाचित्र काढून त्यात त्या-त्या जागी छिद्रे पाडावीत आणि निघालेला प्रत्येक स्क्रू आपल्या छिद्रात खोचून ठेवावा. या साध्या युक्तीइतके उपयोगी साधन मी दुसरे पाहिलेले नाही. गार्ड निघाल्यावर दोन बोटांची चपटी स्प्रिंग दिसते. तिचा स्क्रू काढून ती बाजूला ठेवावी, मग मधला आणि पुढचा आडवा स्क्रू काढून चाप आणि बोल्ट बाहेर घ्यावेत, शेवटी मागचा आडवा स्क्रू काढून घोडा हँडसह सोडवून घ्यावा. हँड घोड्याच्या छिद्रात नुसता बसवलेला असतो, तो सहज बाहेर येतो. कुठेही ओढाताण करावी लागली तर काहीतरी अजून अडकलेले आहे असे समजून थांबावे.

एखादा स्क्रू हलतच नसेल तर त्यावर भेदक तेल टाकून रात्रभर ठेवावे, सकाळी बिट खाचेत बसवून त्याच्या मागच्या टोकावर हातोडीने दोन-चार हलके ठोके द्यावेत आणि मगच फिरवून पाहावे.

निघालेले सगळे भाग विद्रावकाने धुऊन पुसावेत. वर्षानुवर्षांचे घट्ट झालेले तेल आणि धुराची काजळी निघाल्यावर बिघाड वाटत होता तो नाहीसा झाला, असेही पुष्कळदा घडते. नवा भाग मागवण्यापूर्वी हे करून पाहिले तर कदाचित मागवावाच लागणार नाही.

नवा भाग बसवणे

इथे एक नियम मनात पक्का करावा: घासायचे ते नव्या सुट्या भागाला, घोड्याला किंवा सिलिंडरला नाही. हँड, बोल्ट, स्प्रिंग हे चुकले तर पुन्हा मिळतात. घोड्याच्या खाचांवर कडक केलेला थर पातळ असतो. तो एकदा घासला गेला की खालचे मऊ पोलाद उघडे पडते आणि खाच झपाट्याने झिजते. सिलिंडरच्या खाचांना तर हातच लावू नये.

स्प्रिंगा बदलणे हे नवशिक्यासाठी सर्वांत सोपे आणि सुरक्षित काम. दोन बोटांच्या चपट्या स्प्रिंगऐवजी वाकवलेल्या तारेची स्प्रिंग मिळते, ती सहसा जास्त टिकते आणि चापाचा जोरही थोडा कमी करते. चपटीच वापरायची असेल तर तिच्या कडांवर आडवे ओरखडे नाहीत ना हे भिंगातून पाहावे, कारण मोड तिथूनच सुरू होते. असल्यास बारीक दगडाने लांबीच्या दिशेने घासून ते काढावेत. मेनस्प्रिंगच्या बाबतीत हलकी स्प्रिंग घेण्याचा मोह अनेकांना होतो. घोडा चढवणे सोपे होते हे खरे, पण प्रायमरवरचा, म्हणजे काडतुसाच्या तळातील आघाताने पेटणाऱ्या भागावरचा, आघातही तेवढाच कमी होतो, आणि जे काडतूस पेटायला हवे होते ते पेटले नाही तर पुढची तीस सेकंद नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावे लागते. माझ्या मते नवशिक्याने आधी मूळ जोराचीच स्प्रिंग बसवावी.

हँड बदलताना मोजमापाचा प्रश्न येतो. विकत मिळणारा हँड पुष्कळदा मुद्दाम किंचित लांब ठेवलेला असतो, म्हणजे तो प्रत्येक रिव्हॉल्वरला घासून बसवता यावा. असा लांब हँड तसाच बसवला तर बोल्ट खाचेत बसून सिलिंडर अडतो, पण घोड्याला अजून मागे यायचे असते, आणि पुढे हँड दात्यावर दाबला जाऊन घोडा अडखळतो. अशा वेळी जोराने घोडा ओढू नये. त्याने दाता, हँड आणि बोल्ट तिघांचे नुकसान होते. हँड काढून त्याचे वरचे टोक तेलदगडावर चार-पाच वेळा, मूळचा कोन राखून घासावे, पुसावे, पुन्हा बसवून सहाही चेंबरवर पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि तसेच असायला हवे. आठ-दहा वेळा जोडावे आणि उघडावे लागले तर त्यात वावगे काही नाही. दाते सगळे सारखे झिजलेले नसल्यामुळे एका चेंबरवर अचूक बसलेला हँड दुसऱ्यावर किंचित आखूड पडू शकतो. म्हणून ज्या दात्यावर सिलिंडर सर्वांत मागे राहतो त्याच्या मापाने थांबावे. जास्त घासला गेलेला हँड ठोकून लांब करण्याचा उपाय काही जण सांगतात. तो मला पटत नाही, कारण ठोकलेली जागा पातळ आणि ठिसूळ होते. दुसरा हँड घ्यावा.

बोल्टचे काम त्याहून नाजूक आहे, कारण त्यात दोन मापे सांभाळायची असतात. एक डोक्याची रुंदी: ते सहाही खाचांत न अडकता पूर्ण शिरले पाहिजे, पण आत गेल्यावर खुळखुळता कामा नये. नवे डोके जाड असेल तर ते एकाच बाजूने, दगड सपाट ठेवून, दोन्ही बाजू समांतर राहतील असे कमी करावे. दुसरे मागच्या पायाचे माप, ज्यावर बोल्ट केव्हा वर उसळणार ते ठरते. पाय लांब असेल तर तो कॅमवर जास्त वेळ टिकतो आणि बोल्ट उशिरा पडतो, कधी खाच निघून गेल्यावर पडतो. पायाचे टोक किंचित घासले की तो लवकर निसटतो. फार घासले तर बोल्ट फारच आधी पडतो आणि सिलिंडरवर कडे कोरतो. खाचेच्या आधीच्या उतरत्या वाटेवर मार्करचा रंग लावावा, घोडा सावकाश चढवावा, आणि रंग कुठून पुसला गेला ते पाहावे: वाटेच्या आत पुसला गेला तर बोल्ट बरोबर पडतो आहे.

चाप बदलण्याविषयी मात्र मी सावध राहायला सांगेन. चापाचे टोक आणि घोड्याच्या खाचा यांचे कोन एकमेकांशी जुळलेले असावे लागतात, आणि त्यातली थोडीशी चूकही घोडा आपोआप पडण्यापर्यंत जाते. नवा चाप न घासता बसला आणि पुढे दिलेल्या सगळ्या चाचण्यांत उतरला तर ठीक. एकाही चाचणीत तो चुकला तर तो स्वतः घासत बसू नये, अनुभवी कारागिराकडे न्यावा. घोड्यावरचे टोक रिव्हेटने बसवलेले असते. ते बदलणेही त्याच्याकडेच सोपवावे.

जोडणी आणि चाचणी

जोडणीचा क्रम उघडण्याच्या उलटा. हँड घोड्यात बसवून, त्याची स्प्रिंग बोटाने दाबून धरून दोन्ही चौकटीत सारावेत आणि हँड आपल्या खोबणीत गेल्याची खात्री करून घोड्याचा स्क्रू लावावा. मग बोल्ट, मग चाप, मग दोन बोटांची स्प्रिंग: एक बोट बोल्टवर, दुसरे चापावर टेकले आहे हे डोळ्यांनी पाहावे. ट्रिगर गार्ड आणि मेनस्प्रिंग लागल्यावर सिलिंडर घालून यंत्रणा हलवून पाहण्याचा मोह होतो, पण बॅकस्ट्रॅप नसताना घोड्याला मागे अडवणारे काही नसते. तो जास्त मागे गेला तर सारा ताण हँड आणि बोल्टवर येतो. म्हणून बॅकस्ट्रॅप निदान दोन स्क्रूंवर तरी लावावी आणि मगच घोडा ओढावा. फिरणाऱ्या भागांच्या टेकण्याच्या जागी हलक्या तेलाचा एकेक थेंब पुरतो.

आता चाचण्या. चेंबरवर मार्करने एक ते सहा आकडे टाकावेत आणि प्रत्येकावर घोडा अगदी सावकाश चढवावा. सिलिंडरवर दुसऱ्या हाताचे बोट हलके टेकवून थोडा अडथळा द्यावा, कारण झटक्याने घोडा चढवला तर सिलिंडर स्वतःच्या वेगानेच उरलेले अंतर कापतो आणि आखूड हँडचा दोष लपून राहतो. घोडा पूर्ण चढण्याच्या क्षणी किंवा त्याच्या अगदी आधी बोल्ट खाचेत बसला पाहिजे, सहाही वेळा. मग घोडा पूर्ण चढलेला असताना चापाला स्पर्श न करता अंगठ्याने घोडा पुढे ढकलून पाहावा. तो हलता कामा नये. हाफ-कॉकवर आणि सुरक्षा-खाचेवर घोडा ठेवून चाप नेहमीच्या जोराने ओढून पाहावा. घोडा तिथेच राहिला पाहिजे. खाचेतले चापाचे टोक पातळ असते, म्हणून ही चाचणी अवाजवी जोराने करू नये. शेवटी नळी वर, खाली आणि दोन्ही कुशींवर करून तीच फेरी पुन्हा घ्यावी. घोडा पाडून पाहताना चेंबरमध्ये स्नॅप कॅप असाव्यात, रिकाम्या चेंबरवर घोडा आपटू नये.

रुगरच्या न्यू मॉडेलमध्ये यांत एक चाचणी वाढते: चाप ओढून धरला की ट्रान्सफर बार वर आलेला दिसला पाहिजे आणि चाप सोडताच तो पूर्ण खाली गेला पाहिजे. बार वर येत नसेल तर घोड्याचा आघात आतल्या टोकापर्यंत पोहोचणार नाही. खाली जात नसेल तर त्याने दिलेले संरक्षणच राहत नाही.

पहिला गोळीबार अधिकृत शूटिंग रेंजवर, कानांना व डोळ्यांना संरक्षण घेऊन करावा. पहिल्या वेळी एकच काडतूस भरावे, नंतर दोन, आणि सगळे नीट चालते आहे हे दिसल्यावरच पुढे जावे. प्रत्येक रिकाम्या काडतुसाच्या प्रायमरवरचा घोड्याचा ठसा मध्यभागी आहे का आणि पुरेसा खोल आहे का ते पाहावे; तो कडेला सरकलेला दिसला तर सिलिंडर नळीसमोर नीट येत नाही, आणि काम थांबवून पुन्हा हँड व बोल्टकडे यावे. ट्रान्सफर बार नसलेल्या कोल्ट पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये सहा घरे असली तरी पाचच काडतुसे भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवण्याची पद्धत आहे, कारण घोड्याचे टोक भरलेल्या काडतुसावर टेकलेले असताना रिव्हॉल्वर पडले तर गोळी सुटू शकते. सुरक्षा-खाच हे त्यावरचे उत्तर नव्हे, जोराच्या धक्क्याने ती मोडू शकते. पाच भरण्याचा नेहमीचा क्रम असा: एक भरावे, एक घर सोडावे, चार भरावे, मग घोडा पूर्ण चढवून खाली आणावा, तो रिकाम्या घरावर येतो. तो खरोखर तिथे आला आहे हे बाजूने डोकावून दर वेळी पाहावे, विशेषतः हँड नुकताच बदललेला असताना.

रेंजवरून परतल्यावर सगळे स्क्रू पुन्हा तपासावेत. नवीन बसवलेले स्क्रू पहिल्या पन्नास-शंभर गोळ्यांत ढिले होतात हे गृहीत धरूनच चालावे. पुन्हा आवळताना आट्यांवर पुन्हा उघडता येईल अशा मध्यम ताकदीच्या थ्रेड-लॉकरचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या द्रवाचा) अगदी लहान थेंब लावता येतो, मात्र मेनस्प्रिंगच्या आणि दोन बोटांच्या स्प्रिंगच्या स्क्रूला तो लावण्याआधी स्प्रिंग सरळ बसली आहे हे बघून घ्यावे. काढलेला जुना भागही लगेच टाकून देऊ नये. नव्याशेजारी ठेवून कॅलिपरने दोन्हींची मापे घ्यावीत आणि कामाच्या तारखेसह वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे पुढचा हँड किंवा बोल्ट बसवताना किती घासायचे याचा अंदाज आधीच हाताशी असेल.